मी इथे राहत नाही

३ ऑक्टोबर

आजपासून ही वही. कंपनीनेही एक वही दिलीय, पण तिच्यात रोज संध्याकाळी एकच वाक्य लिहायचं : सर्व ठीक आहे. खाली सही. मी विचारलं, ठीक नसलं तर? साहेब म्हणाला, ठीक नसलं तर वहीत नको लिहूस, फोन कर. म्हणून ही दुसरी, माझी स्वतःची. सातवीनंतर मी चिठ्ठीपलीकडे काही लिहिलेलं नाही. पण इथे बोलायला माणूस नाही आणि माझं तोंड गप्प राहत नाही, तेव्हा हाताने बोलतो.

काम असं आहे. समुद्राजवळच्या एका गल्लीत बारा बंगले. मालक दुसऱ्या देशांत राहतात, उन्हाळ्यात चार आठवडे येऊन अंग शेकून जातात. बाकी वर्षभर कुलूप. असं बंद घर हेरून लोक आत घुसतात, गाद्या टाकतात, पडदे लावतात. एकवीस दिवस काढले की इथला कायदा म्हणतो, आता हे इथले रहिवासी, कोर्टाशिवाय हलवायचं नाही. आणि कोर्ट म्हणजे मालकाचे केस पिकेपर्यंत. मागच्या हिवाळ्यात हिरव्या फाटकाचं घर असंच गेलं. म्हणून पांढऱ्या बंगल्याच्या मालकाने कंपनीला सांगितलं आणि कंपनीने मला ठेवलं.

साहेबाच्या कमरेला इतक्या किल्ल्या आहेत की तो चालला की बैलगाडी आल्यासारखं वाटतं. मी त्याला मनात किल्लीवाला म्हणतो.

"घरात कोणीतरी राहतंय असं दिसलं पाहिजे," तो म्हणाला. "पण तू राहायचं नाहीस. तू गॅरेजमागच्या खोलीत झोपायचं."

"म्हणजे राहायचं, पण राहायचं नाही."

"हुशार आहेस. इथे सही कर."

कागदावर एकच ओळ होती : मी इथे राहत नाही. दर विसाव्या दिवशी तीच सही परत करायची आणि एक रात्र बाहेर काढायची. कारण विचारलं तर त्याने त्यांच्या भाषेतली कुत्र्याची आणि मटणाची काहीतरी म्हण सांगितली. आपण कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतो, तीच ती.

केली सही. आपलं काय जातंय.

६ ऑक्टोबर

आज बंगला नीट पाहिला. वर चार खोल्या, खाली तीन, स्वयंपाकघरात सुऱ्याच बावीस. एका कपाटात नुसते टॉवेल. चार आठवड्यांत माणूस किती वेळा अंग पुसतो?

इथे येऊन चार वर्षं झाली. लॉंड्री, बाटल्यांचा कारखाना, हॉटेलातली भांडी, गोदाम, आणि आता हे. आई म्हणते तुझ्या पायाला भिंगरी आहे. अशा माणसाला पगार मिळतो एका जागी बसायचा. बोलायची सोय नाही.

माझं घर म्हणाल तर माझंही आहे. दोन खोल्या, फरशी, निळं दार. मागे आईची जुनी पत्र्याची खोली. माझ्या कमाईतून बांधून सात महिने झाले आणि मी त्यात अजून एक रात्र झोपलेलो नाही. दाराचा निळा रंग मी फोनवर फोटो बघून निवडला. आईने कुलूप लावून ठेवलंय. म्हणते, पहिली रात्र तू झोप, मग मी. मार्चमध्ये माझा करार संपतो. मार्चमध्ये त्या दारातून आत जायचं. आयुष्यात पुढचं असं एवढंच ठरलेलं आहे.

१० ऑक्टोबर

कंपनीने दिव्यांना घड्याळं लावलीत. बरोबर सातला सगळ्या खोल्यांचे दिवे लागतात, बरोबर अकराला जातात. आंधळ्यालाही कळेल. घरातली माणसं काय कवायत करतात? एक जण संडासात असतो, एक दिवा विसरतो, दुसरी त्यावरून ओरडते, याला घर म्हणतात.

मी घड्याळं काढून टाकली. आता दिवे मी लावतो, चुकतमाकत.

जुन्या कपड्यांच्या दुकानातून एक ढगळ पॅन्ट, एक बाईमाणसाचा झगा, दोन लहान फ्रॉक आणि एक एप्रन आणला. धुऊन मागच्या दोरीवर टाकले. लांबून पाहिलं. काहीतरी खटकत होतं. मग कळलं, मी दोन्ही फ्रॉक सारख्याच चिमट्यांनी, सारख्याच अंतरावर लावलेले. ताई कपडे वाळत घालताना कधी असं करत नाही. तिचे कपडे एकमेकांच्या अंगावर पडतात. एक फ्रॉक तिरका केला आणि माझाच एक मोजा चिखलात टाकला.

तेव्हा कुठे घराला माणसं आली.

१५ ऑक्टोबर

कुटुंब ठरलं. नवरा जाडा, उशिरा उठतो. बायको कडक. दोन मुली, धाकटी बोबडी. नवऱ्याचे बूट दाराबाहेर, एक उभा, एक आडवा. बूट ओळीत ठेवले की समजावं, दाखवायला ठेवलेत. सकाळी स्वयंपाकघरात रेडिओ बडबडीच्या स्टेशनवर लावतो आणि मध्येच भांडं आपटतो. भांडं आपटल्याशिवाय नवरा-बायको खरी वाटत नाहीत.

किल्लीवाला येऊन बघून गेला. म्हणाला, "तुझं लग्न झालंय?"

"नाही."

"मग हे सगळं कुठून येतं?"

मी नुसता हसलो. आयुष्यात पहिल्यांदा कुठल्या साहेबाने मला कामावरून विचारलं, कुठून येतं.

१७ ऑक्टोबर

आईला फोन. हिरव्या फाटकाची गोष्ट सांगितली. म्हटलं, आई, आपलं घर सात महिने बंद आहे. दारात पाचोळा साचतो का? खिडक्या उघडतेस का?

"अरे, आपल्याकडे कोण येतंय? समोरची शेळी येते ओट्यावर बसायला."

"आज शेळी, उद्या माणूस. तुला नाही कळायचं. ही माझी लाइन आहे आता."

"बरं बाबा, लाइनवाले. जेवलास का?"

आईचं असं आहे. कितीही मोठं सांगा, ती जेवणावर आणून सोडते. पण मला चैन पडेना. बंद निळं दार डोळ्यांपुढे येत राहिलं. लोकांच्या घरावर मी जागता पहारा देतोय आणि माझं उघड्यावर. लष्कराच्या भाकऱ्या म्हणतात त्या याच.

संध्याकाळी दाजींना फोन लावला. दाजी म्हणजे ताईचे यजमान. बाजारामागे भाड्याच्या एका खोलीत राहतात. त्यांना सगळं समजावलं : दिवे, दोरी, बूट.

दाजी लगेच म्हणाले, "अरे, तू काळजीच सोड. घरचा माणूस असताना तू परक्यासारखा विचार का करतोस?"

२२ ऑक्टोबर

विसावा दिवस. सही केली : मी इथे राहत नाही. आजची रात्र जुन्या खोलीवर, आपल्याकडच्या वेल्डरबरोबर. तो एकटाच इथला माझा ओळखीचा. त्याला कुटुंबाची गोष्ट सांगितली, तो पोट धरून हसला. म्हणाला, "बायकोचं नाव काय ठेवलंस?"

नाव ठेवलेलं नाही. ठेवलं की मग जीव अडकतो.

२६ ऑक्टोबर

घरचे फोटो आले! दाजींनी कमाल केलीय. निळ्या दारापुढे त्यांची स्कूटर. अंगणात दोरी, दोरीवर ताईचे, पोरांचे कपडे. खिडकी उघडी. मी फोटो मोठा करून करून बघितला. एकच चूक : चपला ओळीत होत्या. लगेच फोन केला.

"दाजी, चपला विस्कटा."

"विस्कटल्या समज."

"आणि दिवसाकाठी कोणीतरी ये-जा करा."

"ये-जा कशाला? आम्ही मुक्कामालाच येतो ना. तुझ्यासाठी एवढं करणार नाही?"

ताईशी बोलायचं म्हटलं तर ती भांडी घासत होती. दाजी म्हणाले, तिला मागाहून करायला लावतो. किती राबवतोय मी त्यांना.

५ नोव्हेंबर

कुंपणापलीकडच्या घरात एक आजी एकटी राहते. बारा महिने. गळ्यात दुर्बीण, पक्षी बघते म्हणे. पण पक्षी झाडावर असतात आणि तिची दुर्बीण असते आमच्या दोरीवर.

आज तिने कुंपणावरून हाक मारली. "तू यांच्याकडे कामाला का?"

इथली भाषा मला कामापुरती येते, खोटं बोलण्यापुरती जरा जास्त. म्हटलं, "हो."

"बाई कधी दिसत नाही बाहेर."

"तब्येत नाजूक आहे."

"अरेरे. आणि मुली?"

"लाजतात."

तिने परडीभर सफरचंदं दिली. म्हणाली, आजारी माणसाला दे. मी दोन खाल्ली, बाकी बाईसाठी ठेवली. म्हणजे उद्यासाठी.

७ नोव्हेंबर

सफरचंदं फुकट खाल्ल्यासारखं वाटलं म्हणून डाव्या हाताने रंगीत खडूने एक चित्र काढलं. घर, सूर्य, चार माणसं, शेजारी दुर्बीणवाली आजी. तिच्या पायरीवर ठेवून आलो. दुपारी बघतो तर तिने ते खिडकीच्या काचेला चिकटवलेलं. माझं चित्र कोणी असं लावायची ही पहिलीच वेळ. शाळेत चित्रकलेच्या मास्तरांनी माझी वही फक्त दार अडवायला वापरली होती.

११ नोव्हेंबर

तिसरी सही. आता सहीला वळण आलंय, बघायलाही लागत नाही.

१३ नोव्हेंबर

दाजींनी बाजारामागची भाड्याची खोली सोडली. दोन-दोन घरं झाडायची म्हणजे ताईची दगदग होते. बरोबर आहे. त्यांच्या आईलाही आणलंय. म्हाताऱ्या माणसाने दिवसभर ओट्यावर बसलं की चोराची हिंमत होत नाही. माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं. मी बूट ठेवले, दाजींनी जिवंत माणूस ठेवलं.

आईला म्हटलं, बघ, आता कशी निर्धास्त झालीस.

आई म्हणाली, "भटाला दिली ओसरी."

म्हटलं, हो ना, हिरव्या फाटकाच्या घरात अगदी हेच झालं! आधी म्हणे पावसापुरते ओट्यावर उभे राहिले.

आई म्हणाली, "मी सांगायचं काम केलं. तू दाजींचं ऐक, तुझं तुला कळतंय." आणि मग जेवलास का.

विचारायचं राहिलं, ती स्वतः पुढच्या घरात झोपायला गेली का.

१८ नोव्हेंबर

दारावर पाटी लागली. फोटो आला. दाजींचं नाव. मी म्हटलं, माझं का नाही? दाजी म्हणाले, "वेडा का तू? तुझं नाव लावलं की सगळ्यांना कळणार मालक परदेशात आहे. चोराला आवतणच. माझं नाव म्हणजे काय? बुजगावणं!"

डोकं आहे माणसाला. शिकलेला असता तर कुठच्या कुठे गेला असता.

पाटी पितळेची आहे मात्र. बुजगावण्याला एवढा खर्च कशाला, असं मनात आलं. पण स्वस्तातलं कोणाला खरं वाटत नाही, हेही आहे. मीसुद्धा एप्रन सुतीच घेतला होता.

२६ नोव्हेंबर

वेल्डर सुट्टीला गावी गेला होता, तो परत आला. दाजींनी त्याच्याबरोबर कागद पाठवलेत, विजेचं मीटर आणि घरपट्टीसाठी. कोणीतरी राहतं असं कागदावरही दिसलं पाहिजे, नुसत्या दोरीवर दिसून भागत नाही, असं दाजी फोनवर म्हणाले.

पाच पानं होती. पहिलीच ओळ : मी सदर घरात राहत नाही. ही ओळ तर माझी तोंडपाठ! हसूच आलं. पुढचं वाचायची गरज वाटली नाही. वेल्डरच्याच पेनने पाचही ठिकाणी सह्या ठोकल्या.

वेल्डर म्हणाला, "अरे, वाचून तरी कर."

"तू वितळवायचं काम कर. कागदाचं मला कळतं. दर वीस दिवसांनी करतोय."

"तुझ्या आईने तुझ्यासाठी काही निरोप नाही दिला. नुसतं विचारलं, तो येतोय कधी. तीनदा विचारलं."

म्हटलं, आयाच त्या, विचारणारच. संध्याकाळी कागद कुरिअरने दाजींना धाडले.

४ डिसेंबर

आज जे झालं ते नीट लिहितो, कारण कंपनीच्या वहीत ते बसणार नाही.

सकाळी दहाला दोन गाड्या आल्या. किल्लीवाला, एक वकीलबाई, दोन दांडगे गडी, आणि एक पोलीस. किल्लीवाल्याचा चेहरा पांढराफटक. मी ढगळ पॅन्ट पिळत होतो.

"कुठे आहेत ते?" तो ओरडला.

"कोण?"

"तेच! कुटुंब! दोन महिने राहतायत आणि तू रोज लिहितोस सर्व ठीक आहे?"

मला खरंच काही कळेना. वकीलबाईने कागद वाचला. पांढऱ्या बंगल्यात चार जणांचं कुटुंब घुसलेलं आहे. नवरा, आजारी बायको, दोन लहान मुली. शेजारच्या वृद्ध बाईंनी मालकाला लेखी कळवलंय. पत्रात तिने असंही लिहिलं होतं की माणसं चांगली आहेत, बाई आजारी आहे, थंडीत त्यांना बाहेर काढू नका, कृपा करा.

तेव्हा उजेड पडला.

"आत किती जण आहेत?" पोलिसाने विचारलं.

"चार."

"कुठे आहेत आत्ता?"

"वाळतायत," मी म्हटलं आणि दोरी दाखवली.

कोणी हसलं नाही. दांडग्यांतला एक हसला, पण वकीलबाईने बघितल्यावर त्याला खोकला आला.

मग दाराच्या वर कॅमेऱ्याचा एक बोलणारा डबा आहे, तो कुरकुरला. मालक! दुसऱ्या देशातून. दोन महिन्यांत पहिल्यांदा बोलला, इतके दिवस मला वाटत होतं तो डबा बंद आहे. "या माणसाला विचारा, हे असं करायला कोणी सांगितलं?"

मी डब्याकडे बघून म्हटलं, "साहेब, दिसलं पाहिजे म्हणाले होते. दिसलं."

वकीलबाईने त्याला समजावलं आणि ते मलाही समजलं. ती म्हणाली, आता उद्या कोणीही चार माणसं, दोन मुलींसकट, येऊन म्हणाली की ते कुटुंब आम्हीच, तर शेजारी शपथेवर साक्ष देतील, कपडे ओळखतील, काचेवर मुलीचं चित्र आहे. घुसणाऱ्यांना जो पुरावा गोळा करायला एकवीस दिवस लागतात तो या माणसाने त्यांच्यासाठी आधीच तयार करून ठेवलाय. फक्त त्यांनी यायचं बाकी आहे.

मला आतून जरा बरं वाटलं. हात दाखवून अवलक्षण, खरं आहे, पण हात चांगला होता असं तिचंही म्हणणं पडलं.

कामावरून काढलं. करारही गेला, म्हणजे इथे राहायची परवानगीही गेली. शेवटचा कागद : मी इथे कधीही राहिलो नाही. सही केली.

कपडे दोरीवरून उतरवताना दुर्बीणवाली आजी कुंपणाशी आली. डोळे पुसत होती. "माझ्यामुळे गेले का रे ते? मी तर चांगलं लिहिलं होतं."

म्हटलं, "नाही आजी. त्यांचं गावाकडे घर आहे. तिकडे गेले."

"आपलं स्वतःचं?"

"स्वतःचं. निळं दार आहे."

तिला बरं वाटलं.

५ डिसेंबर

मार्चचं डिसेंबरात आलं, एवढंच. कोणाला कळवत नाही. अचानक जाऊन दारात उभा राहणार. राखणदारांची परीक्षाही होईल.

११ डिसेंबर

पोचलो.

गल्लीच्या तोंडाशीच थांबलो आणि लांबून पाहिलं, जसं किल्लीवाला बघायचा. दोरीवर कपडे, एकमेकांच्या अंगावर पडलेले. चपला विस्कटलेल्या, नुसत्या विस्कटलेल्या नाहीत, एक पार गटाराजवळ. ओट्यावर म्हातारी. आतून भांडं आपटल्याचा आवाज. शिकवलं त्याहून सरस. एक चूक सापडेना. चूक सापडेना म्हणताना परत एकदा पहिल्या चपलेपासून तपासलं.

ओट्यावर पाय ठेवला तशी म्हातारी म्हणाली, "कोण पाहिजे?"

मी म्हटलं, "मी."

"मी म्हणजे कोण?"

दाजी बाहेर आले, बनियनवर. एक क्षण बघत राहिले, मग दोन्ही हात पसरले. "अरे, पाहुणे! या या! कळवायचं तरी, जागा करून ठेवली असती!"

चहा झाला. घर दाखवलं त्यांनी मला. हे स्वयंपाकघर, ही मोरी, इथे फडताळ करायचा विचार आहे. मी सगळ्याला हं हं करत गेलो. फरशी फोटोतल्यापेक्षा फिकी आहे. ताई चहा देऊन जी आत गेली ती बाहेर आलीच नाही.

झोपायची वेळ झाली तेव्हा दाजी म्हणाले, "इथे पोरं लोळतात, तुला झोप लागायची नाही. आईकडे मागे शांत आहे."

आईने पत्र्याच्या खोलीत आधीच माझी गादी घातली होती. म्हटलं, तुला कसं कळलं मी इथेच येणार? ती म्हणाली, "जेवलास का?"

१३ डिसेंबर

दोन दिवस वाट पाहिली. आज मी स्वतःच विषय काढला. म्हटलं, "दाजी, तुम्ही फार केलंत. आता मी आलो, आता राखणीची गरज नाही."

दाजी स्कूटर पुसत होते. "तू परत जाणारच ना? तुझा पाय कुठे टिकतो?"

"नाही जाणार. म्हणजे, माहीत नाही. पण घर तर माझं आहे."

"आहेच की. मी कुठे नाही म्हणतो?" फडकं झटकलं. "पण माणसाने सहीला जागावं. पोरांच्या शाळेत हाच पत्ता आहे, मीटर माझ्या नावावर, घरपट्टी माझ्या नावावर. मी मागितलं होतं का? तूच म्हणालास, दाजी, राहा."

"दिसलं पाहिजे म्हणालो होतो."

"मग? दिसत नाही का?"

मला वाटलं मी ओरडेन. पण दाराच्या वर बघितलं, डबा आहे का म्हणून. नव्हता. पितळेची पाटी होती. चकचकीत, रोज पुसतात.

१४ डिसेंबर

दाजींकडून ती पाच पानं मागून घेतली आणि पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचली. बोट ठेवून ठेवून. सगळा दिवस गेला. पहिली ओळ मला येत होती तीच. दुसरीत लिहिलं होतं की राहण्याचा माझा पुढेही विचार नाही. तिसरी, चौथी आणि पुढच्या सगळ्या लिहायला हात होत नाही. खाली सही. वळणदार. वेल्डरच्या पेनची.

आईला म्हटलं, तू ओरडून का नाही सांगितलंस?

"कसं सांगू? घर तुझं, पण तीही माझंच लेकरू. तिलाही चार वर्षं त्या बाजारामागच्या खोलीत बघितलंय मी. आणि तू फोनवर नुसता शिकवत होतास. तुझा शाळेत कधी पहिला नंबर आला नाही, म्हटलं, एकदा तरी आला असेल."

१५ डिसेंबर

गावातल्या वकिलाला पानं दाखवली. तो म्हणाला, "लढता येईल, पण वेळ लागेल. तोवर ताबा त्यांचा. तुमचं तिथे राहणं कुठेच दिसत नाही."

हे शेवटचं वाक्य त्याने सहज टाकलं. मी ते घेऊन घरी आलो.

दिसत नाही? दिसण्याचं काम कोणाचं आहे?

१६ डिसेंबर

दिवस पहिला.

तिकडच्यासारखेच एकवीस मोजायचे. सकाळी माझा धुतलेला शर्ट पुढच्या दोरीवर टाकला, दाजींच्या पॅन्टीला लागून, तिरका. बूट निळ्या दाराशी, एक उभा, एक आडवा. म्हातारी बघत होती. मी रेडिओ घेऊन ओट्यावर बसलो.

दुपारी शर्ट घडी करून आईच्या खोलीत आलेला. बूट पिशवीत.

१७ डिसेंबर

दिवस पहिलाच धरतो. कालचा मोडला. परत टाकला शर्ट. बरोबर लुंगीही टाकली. दाजी म्हणाले, "हा काय पोरखेळ लावलास?" म्हटलं, काम करतोय, सवय आहे. गल्लीतली दोन माणसं थांबून बघत होती. बघू देत. साक्षीदार लागतात.

संध्याकाळी परत घडी, परत पिशवी. पण एक गोष्ट पाहिली. घडी दाजींची नाही. दाजी कपड्याचा बोळा करतात. ही ताईची घडी, बाह्या आत.

१८ डिसेंबर

दिवस पहिला. आज पावसाळ्यासारखा वारा होता. शर्ट टाकला आणि मुद्दाम चिमटा लावला नाही, उडाला तर खऱ्या घरातला वाटेल. दाजी कामावर गेले. मी ओट्याच्या कडेला बसून वाट पाहत होतो, कधी उचलतात.

ताई बाहेर आली. त्या दिवशीच्या चहानंतर पहिल्यांदा माझ्यासमोर आली. तोंडात चार चिमटे धरलेले. दोरीपाशी गेली. पोरांचे कपडे सारखे केले. माझ्या शर्टापाशी थांबली. वाऱ्याने तो दाजींच्या पॅन्टीवर चढला होता. तिने तो सोडवला, झटकला, आणि जिथे होता तिथेच परत टाकला. तोंडातले दोन चिमटे काढून दोन्ही खांद्यांना लावले. सारख्या अंतरावर. तिने आयुष्यात असं कधी केलेलं नाही.

माझ्याकडे न बघता म्हणाली, "वारा आहे." आणि आत गेली.

संध्याकाळ झाली. शर्ट दोरीवर आहे.

अजून वीस दिवस.